उन्हाळ्यात लांब केसांच्या लहान कुत्र्याला पुन्हा पुन्हा होणाऱ्या जटा, लाल चट्टे आणि धाप: कारण कुठे शोधावे

नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की लांब केसांचे लहान कुत्रे पाळलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. कुत्र्याला आठवड्यापूर्वी आंघोळ घातलेली असते, वरवर विंचरलेलेही असते. तरीही कानामागे आणि काखेत केसांच्या गाठी होतात, गाठीखालची कातडी लाल व ओलसर दिसते, कुत्रे सारखी एकच जागा चाटत बसते आणि फणी हातात घेतली की पाचव्या मिनिटाला त्याला धाप लागते. मग कोणीतरी सल्ला देते, ‘‘एकदाचे सगळे केस काढून टाका, मोकळे होईल बिचारे.’’ केस काढले जातात, दोन-तीन महिन्यांत ते वाढतात आणि तक्रार पुन्हा जिथल्या तिथे उभी राहते. आमच्या घरी गोटू नावाचा शिट्झू आहे. त्याच्या बाबतीत हे सलग तीन उन्हाळे घडले आणि तिन्ही वेळा आम्ही दोष केसांच्या लांबीला देत राहिलो.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही त्याला एका पार्लरमध्ये भर दुपारी नेऊन अक्षरशः चकोट करून आणले. संध्याकाळी त्याच्या पोटावर आणि मांडीच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचे लाल पट्टे उमटलेले दिसले. सतत चालू राहून तापलेल्या ब्लेडचे ते चटके होते. पाठीची कातडी उघडी पडल्यामुळे गॅलरीतल्या उन्हात बसल्यावर तीही भाजून निघाली. धाप मात्र पूर्वीइतकीच राहिली आणि त्यात नवल काहीच नव्हते. आपण डोके भादरले की गार वाटते, कारण आपल्या कातडीला घाम येतो आणि तो वाळताना उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांवर, तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो मुख्यतः तोंडाने जोरजोरात श्वास घेऊन, जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडवून बाहेर टाकतो. शिट्झू, पग, पेकिनीज या चपट्या नाकाच्या जातींत ही वाटच अरुंद असते. तेव्हा पाठीवरचे केस मुळापासून काढल्याने फारसे काही साधत नाही. उलट उन्हाची थेट झळ अडवणारी छत्री तेवढी निघून जाते.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही दुसरे टोक गाठले आणि केसांना हातच लावला नाही. जटा इतक्या घट्ट झाल्या, की काखेतली एक जट पाऊल टाकताना कातडी ओढत होती आणि गोटू लंगडतो आहे असे समजून आम्ही त्याच्या पायात काटा शोधत बसलो होतो. जट म्हणजे नुसता गुंता नव्हे. गळालेले मऊ केस वाढत्या केसांत अडकतात, ओलावा आणि घर्षण मिळाले की त्यांचा नमद्यासारखा दाट थर होतो, आणि त्या थरातून कातडीपर्यंत हवा पोहोचत नाही. सुटे, विंचरलेले लांब केस आणि जट झालेले लांब केस हे उष्णतेच्या दृष्टीने दोन वेगळेच कपडे आहेत: एक मलमलीचा, दुसरा घोंगडीचा.

खरी चूक कुठे सापडली

तिसऱ्या वर्षी मी तारखा लिहून ठेवल्या, तेव्हा लक्षात आले की गाठी आणि लाल चट्टे नेहमी आंघोळीनंतर दोन ते तीन दिवसांनीच दिसतात. आम्ही त्याला आंघोळ घालून टॉवेलने खसाखसा पुसत होतो आणि कूलरसमोर सोडून देत होतो. नागपूरच्या घरात कूलरचा वारा हा सर्व रोगांवरचा उपाय मानला जातो, त्यामुळे यात काही चुकत असेल अशी शंकाही कोणाला आली नाही. परंतु कूलरची हवा गार असते ती पाण्यातून आल्यामुळे, म्हणजेच ती दमट असते. सकाळी दहाला घातलेल्या आंघोळीनंतर दुपारी चार वाजता मी त्याच्या कानामागचे केस बोटांनी बाजूला करून पाहिले. वरचे केस रेशमासारखे कोरडे होते. मुळाशी बोट नेले तर गारवा लागला, आणि चार घड्या घातलेला कागदी रुमाल तिथे दाबून उचलला तेव्हा त्यावर ओला ठिपका उमटलेला होता. सहा तास उलटूनही मुळे ओलीच होती. खसाखसा पुसण्याने केस आधीच एकमेकांत गुंतलेले, त्यात ही ओल. वरून त्या जागी दिवसभर पट्ट्याचे घर्षण. गाठ होणार नाही तर काय होईल?

ही रुमालाची चाचणी प्रत्येकाने एकदा करून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण हाताला कोरडे लागणारे केस मुळाशी ओले असू शकतात हे त्याशिवाय पटत नाही. मुंबई, कोकण आणि गोव्याकडे कूलर नसला तरी हवाच मुळात दमट असते, म्हणून तिथे पंख्याखाली वाळायला सोडलेल्या कुत्र्याचे हेच होते. शिवाय दमट हवेत जिभेवरचा ओलावा नीट उडत नाही, त्यामुळे तिथले ३४ अंश कुत्र्याला सोपे जातात असे समजणे धोक्याचे आहे.

ओलावा हे मूळ कारण असले तरी गाठ नेमकी कुठे होते यावरून आणखी काही उलगडते. गाठी फक्त कानामागे असतील आणि कुत्रे डोके झटकत किंवा कान खाजवत असेल, तर आधी कानाचा वास घेऊन पाहावा. आंबूस वास आणि तपकिरी मळ म्हणजे कानात संसर्ग आहे, आणि तिथे कितीही विंचरले तरी खाजवण्याने गाठ पुन्हा होणारच. काखेत आणि छातीवर असतील तर हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घरात चोवीस तास अंगावर ठेवला जातो का ते पाहावे. हनुवटी व गळ्याखाली असतील तर पाण्याचे पसरट भांडे दाढी भिजवत असते. अरुंद तोंडाचे भांडे दिल्यावर आमच्याकडे तो भाग आठ दिवसांत सुधारला. शेपटीच्या मुळाशी असतील तर पिसवा शोधाव्यात. आणि पिल्लू नऊ महिने ते एक वर्षाचे असून सगळ्या अंगावर एकदमच गाठी होऊ लागल्या असतील तर घाबरू नये. त्या वयात पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येत असतात, आणि ते काही आठवडे रोज विंचरण्यावाचून गत्यंतर नसते.

क्रम बदलला आणि बरेचसे सुटले

बहुतेक घरांत आधी आंघोळ आणि मग विंचरणे असा क्रम असतो. तो उलटा करावा. गाठ पाण्यात भिजली की ती आवळते, आत साबण अडकतो आणि तोच पुढे कातडीला त्रास देतो. त्यामुळे कोरड्या अंगावरच प्रथम पूर्ण विंचरून घ्यावे, एकही गाठ उरली असेल तर आंघोळ पुढे ढकलावी.

विंचरण्याची पद्धत भांग पाडण्यासारखी आहे. कुत्र्याला कुशीवर झोपवून पोटाच्या बाजूने सुरुवात करावी, एका हाताने वरचे केस वर धरून कातडी दिसेल असा आडवा भांग पाडावा, त्या भांगाखालचे केस स्लिकर ब्रशने (बारीक तारांच्या ब्रशने) हलक्या हाताने टोकाकडून मुळाकडे सोडवत न्यावेत, आणि शेवटी स्टीलची फणी मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेली की एक बोट वर सरकून पुढचा भांग पाडावा. पाठीवरून वरवर ब्रश फिरवणे म्हणजे गालिचा झाडण्यासारखे आहे. वरून चकचकीत, खाली सगळे तसेच. स्लिकरच्या तारा बोचऱ्या असतात, म्हणून आधी त्या स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून किती जोर सहन होतो ते पाहावे.

लहान गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी ती फाकवली, तर पुष्कळदा फणीच्या टोकाने सुटते. गाठीच्या मुळाशी केस चिमटीत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. कात्री मात्र गाठीखाली कधीही घालू नये. गाठ ओढली की तिच्याबरोबर कातडी तंबूसारखी वर उचलली जाते, ती पातळ असते, आणि कात्रीला केस कुठे संपले व कातडी कुठे सुरू झाली हे कळत नाही. काखेतल्या आणि कानाच्या कडेच्या अशा जखमांना टाके पडतात. जी गाठ दोन-तीन मिनिटांत सुटत नाही ती मशीनने काढावी. केस पुन्हा येतील. पण विंचरताना दुखते हे एकदा कुत्र्याच्या मनात बसले, की ते जाता जात नाही.

वेळ पहाटे पाच ते सात किंवा रात्री नऊनंतरची निवडावी. एका बैठकीत सगळे अंग उरकण्याचा हट्ट धरू नये; दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत, मध्ये पाणी पाजावे, आणि जीभ लांब होऊन तिचे टोक रुंद व वळलेले दिसू लागले तर त्या दिवशीचे काम तिथेच थांबवावे. आमचा गोटू आता शहाबादी फरशीवर टॉवेल न घालता झोपतो आणि फणी चालू असताना घोरतो. घोरणे थांबले की पुढचा तुकडा दुसऱ्या दिवशी.

आंघोळीच्या बाबतीत विदर्भातल्या वाचकांना एक सूचना. गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी इतके तापलेले असते, की नळाची पहिली धार हाताला चटका देते. घाईत तोच शॉवर कुत्र्यावर धरल्याचे मी स्वतः पाहिले आहे. पाणी रात्रीच बादलीत भरून ठेवावे. सकाळी ते कोमट किंवा किंचित गार असते, तेच योग्य. माणसांचा शाम्पू वापरू नये, कारण कुत्र्याच्या कातडीचा सामू आपल्यापेक्षा उदासीनतेच्या जवळचा असतो आणि आपला शाम्पू तिला कोरडी करतो. तीन ते चार आठवड्यांतून एक आंघोळ पुरेशी आहे. उकडते म्हणून रोज भिजवणे हा आमच्या आईचा आवडता उपाय होता आणि मला वाटते आमच्या तिसऱ्या उन्हाळ्याच्या निम्म्या चट्ट्यांचे श्रेय त्यालाच जाते. गारवाच द्यायचा असेल तर पंजे आणि पोट ओल्या पंच्याने पुसावे.

टॉवेलने घासू नये, दाबून पाणी टिपावे. त्यानंतर ड्रायर थंड हवेवर ठेवून, पुन्हा तसेच भांग पाडत, मुळे कोरडी होईपर्यंत वाळवावे. ड्रायर एका जागी धरू नये आणि कुत्र्याला पिंजऱ्यात बंद करून त्यावर गरम हवा सोडणे तर कोणत्याही ऋतूत करू नये. चपट्या नाकाच्या कुत्र्याचा त्यात काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. पार्लरमध्ये देणार असाल तर हा प्रश्न आधी तोंडावर विचारावा: वाळवताना बंद पिंजरा वापरता का, आणि वाळवताना माणूस समोर उभा असतो का? उत्तर गोलमाल आले तर कुत्रे घेऊन परत यावे. एवढे करून शेवटी कागदी रुमालाची चाचणी: कानामागे, काखेत, जांघेत आणि शेपटीखाली.

किती कापावे

शिट्झू, ल्हासा आप्सो आणि माल्टीज यांचे केस सतत वाढत राहतात, त्यामुळे ते कापायला हरकत नाही. उन्हाळ्यासाठी पाठ आणि कुशीवर सुमारे अडीच सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढी लांबी ठेवावी. ती विंचरायला सोपी असते आणि ऊनही अडवते. पोटाखालचे आणि जांघेतले केस मात्र खरोखर बारीक करावेत, कारण कुत्रे गार फरशीवर पालथे पसरते तेव्हा उष्णता तिथूनच फरशीत उतरते. मशीनला दहा नंबरचे ब्लेड लावले की जेमतेम दीड मिलिमीटर केस उरतात. पोटासाठी ते चालते, पाठीसाठी ते वापरू नये. दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड मनगटाला लावून पाहावे आणि कोमटाहून जास्त वाटले तर थांबून स्टीलच्या ताटलीवर टेकवून गार होऊ द्यावे. आमच्या पहिल्या उन्हाळ्यातले चटके एवढ्याने टळले असते.

पोमेरेनियन आणि आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात तो इंडियन स्पिट्झ यांना हा नियम लागू नाही. त्यांच्या वरच्या राठ केसांखाली मऊ लोकरीचा थर असतो. मशीनने मुळापासून काढल्यावर वरचे केस कित्येक महिने नीट येत नाहीत, कधी कधी टकलाचे चट्टेच राहतात. त्यांची आतली लोकर ब्रशने काढून टाकणे हाच त्यांचा उन्हाळी ‘कट’ होय. पंजे, पोट आणि शेपटीखालचा भाग तेवढा नीटनेटका करावा.

कान पूर्णपणे जटांनी भरलेले असतील तर ते घरी भादरू नयेत. घट्ट जट एकाएकी निघाली की कानाच्या पाळीत रक्ताचा ओघ वाढतो, कुत्रे जोरजोरात कान झटकते आणि पाळीत रक्त साचून ती फुगते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेले बरे. डोळ्यांवर येणारे केस बांधावेत किंवा आडवे कापावेत, कारण या जातींचे डोळे बाहेर आलेले असतात आणि केसाच्या सततच्या घासण्याने बुबुळावर जखम होऊ शकते. पंजाच्या गाद्यांमधले केस गाद्यांच्या पातळीला आणावेत. तिथेच गोचीड दडून बसते आणि वितळलेले डांबरही तिथेच चिकटते. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर तो रस्ता कुत्र्यासाठी नाही.

कातडी आधीच बिघडली असेल तर

गाठ काढल्यावर खाली रुपयाएवढा लाल, चिकट, केस झडलेला चट्टा सापडला, तर त्याभोवतीचे केस बारीक करून जागा उघडी व कोरडी ठेवावी, आणि चाटू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची पट्टी घालावी. असा चट्टा काही तासांत तळहाताएवढा होऊ शकतो, म्हणून तो वाढताना दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरातले स्टेरॉइडयुक्त मलम, हळद-तेलाचा लेप किंवा टी ट्री ऑइल लावू नये. तेलकट लेपाने जागा पुन्हा झाकली जाते, टी ट्री ऑइल कुत्र्यांना विषारी आहे, आणि कुत्रे जे लावाल ते चाटतेच. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. तिला जाळू नये, बोटांनी चिरडू नये. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत कुत्रे मलूल झाले किंवा हिरड्या फिक्या दिसल्या, तर गोचीड सापडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

धापेचा प्रश्न मात्र आठवडाभर थांबण्याचा नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. विंचरताना किंवा आंघोळीनंतर धाप थांबत नसेल, हिरड्या गडद लाल झाल्या असतील, लाळ चिकट तारांसारखी गळत असेल, उलटी होत असेल किंवा पाय अडखळत असतील, तर तो उष्माघात समजावा आणि आधी गार करावे, मग दवाखान्याकडे निघावे. गार, म्हणजे साठवलेले साधे पाणी अंगावर ओतत राहावे, केस बोटांनी फाकवून ते कातडीपर्यंत पोहोचवावे आणि पंखा सोडावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. थोड्याच वेळात तो गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. गुदद्वारात थर्मामीटर लावून १०३ दिसले की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर तापमान नको तितके खाली घसरते. कुत्रे सावरल्यासारखे दिसले तरी डॉक्टरांना दाखवावेच, कारण आतल्या अवयवांवरचा परिणाम पुढच्या एक-दोन दिवसांतही दिसू शकतो.

चौथ्या उन्हाळ्यात, अगदी नवतपा संपेपर्यंत, गोटूच्या अंगावर दोनच गाठी झाल्या आणि दोन्ही उजव्या कानामागे. मुळे कोरडी, हार्नेस काढलेला, पाण्याचे भांडे बदललेले. तरीही त्याच कानामागे. डॉक्टरांनी त्या कानात यीस्टचा संसर्ग असल्याचे सांगितले. तुमच्याकडेही वरचे सगळे करून एकाच ठिकाणी गाठ किंवा चट्टा तिसऱ्यांदा आला, तर विंचरण्यात आणखी दोष शोधू नये. कानाचा संसर्ग, अॅलर्जी किंवा थायरॉइडची कमतरता यांपैकी काहीतरी असू शकते. डॉक्टरांकडे जाताना आंघोळीच्या आणि चट्ट्यांच्या तारखा, शाम्पूची बाटली, गोचिडीसाठी वापरलेल्या औषधाचे वेष्टन आणि चट्ट्याचा पहिल्या दिवशीचा फोटो सोबत न्यावा, आणि जाण्याच्या आदल्या दोन दिवसांत त्या जागेवर काहीही लावू नये, म्हणजे ती आहे तशी तपासता येते.